अभिप्राय वहीतले अकरा मुद्दे

टेबलावर वही होती, वहीला दोरीनं पेन बांधलं होतं आणि वर भिंतीवर पाटी होती : 'वाचकांनी आपले स्पष्ट मत येथे नोंदवावे.' या तीन गोष्टींतून जो निष्कर्ष निघतो तो मी काढला. माझा गुन्हा एवढाच. पुण्यातल्या बाकी सगळ्या पाट्या शब्दशः पाळायच्या असतात. 'एक ते चार बेल वाजवू नये' म्हणजे नये. मग ही एकच पाटी तशी नाही, हे परगावच्या माणसाला कसं कळावं? पाटीखाली तसं लिहायला हवं होतं. जागा होती.

वाचनालय शनिवार पेठेत, एका बँकेच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथून चार गल्ल्या सोडून कॉट बेसिसवर राहते. म्हणजे खोलीत चार मुली आणि प्रत्येकीच्या मालकीची एक कॉट. माझ्या कॉटचं क्षेत्रफळ पंधरा चौरस फूट भरतं, त्यात मी, माझे कपडे आणि नोकरी सांभाळून करते त्या एम.एस्सी.ची पुस्तकं. खोलीत एक जण नेहमी फोनवर असते, दुसरी केस वाळवत असते आणि तिसरी, ऋतिका, पहिलीचा फोन संपायची वाट बघत मोठ्यानं उसासे टाकत असते. वाचनालयात खिडकीशेजारी तिसरी खुर्ची आहे. संध्याकाळी सहा ते साडेआठ ती माझी. अख्ख्या पुण्यात पाठ टेकून गप्प बसता येईल अशी मला तेवढी एकच जागा आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात पणाला लागली होती ती ही खुर्ची. तत्त्व वगैरे होतंच. पण तत्त्वावर बसता येत नाही.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि क्रमांक घालून लिहायच्या : कुठे, काय व्हायला हवं होतं, काय झालं. लिहिणारे रागावतात, मग दुरुस्त करतात. जगरहाटी अशीच असते असा माझा दीड वर्षाच्या नोकरीत समज झाला होता.

खिडकीच्या खुर्चीला लागून जे कपाट आहे त्यावर 'आत्मचरित्रे व माहितीपर' अशी चिठ्ठी आहे. त्यामुळे मी आत्मचरित्रं आणि माहितीपर पुस्तकं वाचू लागले. कपाट कादंबऱ्यांचं असतं तर हे काहीच घडलं नसतं.

आधी वही वाचली. सूचना आणि आधीच्या नोंदी पाहिल्याशिवाय उपकरणाला हात लावू नये. १९८७ पासून दोनशे चौदा अभिप्राय होते. 'उत्तम' हा शब्द एकशे एकतीस वेळा, 'स्तुत्य' अठ्ठेचाळीस वेळा. एकानं 'पंखा आवाज करतो' असं लिहिलं होतं, ते कोणीतरी पट्टी लावून, सरळ रेघेत खोडलं होतं. पुस्तकाबद्दल एकही अक्षर नव्हतं. म्हटलं, क्षेत्र मोकळं आहे.

पहिलं मत लिहिलं ते 'तीन महिने न्यू जर्सीत' या पुस्तकावर. ते असं :

'पाने १९०. त्यांपैकी ४१ एका दुकानाविषयी. पावाचे बावीस प्रकार नावानिशी दिले आहेत. ज्या मुलाकडे लेखक राहिले त्याच्याविषयी चार वाक्ये आहेत, त्यांतले एक त्याच्या गाडीबद्दल. मुलगा तिथे सुखात आहे का, हे लेखकांनी त्याला विचारले का? तो काय म्हणाला? थोडे पाव कमी करून हे लिहिता आले असते.'

मग एका डॉक्टरांचं 'नाडी सांगते' : 'बत्तीस वर्षांत एकही रोगी दगावत नाही. गावात स्मशान होते असा उल्लेख पान २२ वर आहे. त्याचा वापर कोण करत होते, याचा खुलासा नाही.'

मग संगणकावरचं 'उंदीर, कळफलक आणि आपण' : 'लेखक म्हणतात, संगणक कधीही चुकत नाही. हे खरे असते तर मला नोकरी नसती. लेखकाने संगणक लांबून पाहिला असावा; पान १४ वरील चित्रात तो उलटा आहे.'

मी नुसती नावं ठेवत नव्हते. एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरबाईंचं 'नंबर सांगा' मी दोनदा वाचलं. तिथं लिहिलं : 'उद्धट बोलणाऱ्या एका माणसाचा ट्रंक कॉल लेखिकेने मुद्दाम दोन तास लटकवला. त्याच संध्याकाळी त्याची आई वारली. हे तिने पान ५१ वर स्वतःहून सांगितले आहे. ते वाचल्यावर पुढचे प्रत्येक पान मी खरे मानले. आत्मचरित्रात लेखकाची एक तरी चूक हवी, नाहीतर तो चारित्र्याचा दाखला होतो. दाखला तलाठीही देतो. सर्वांनी वाचावे.'

आठवड्याभरात माझ्या मतांखाली दुसऱ्या शाईत ओळी दिसू लागल्या. 'मत वाचले. पटले नाही. – एक जुना सभासद.' त्याखाली : 'पुस्तक वाचले आहे का? – त्याहून जुना सभासद.' त्याखाली : 'आपला काय संबंध?' त्याखाली : 'सही करायची हिंमत नाही त्याने संबंध विचारू नये.' एकानं पंख्याचा विषय चौदा वर्षांनी पुन्हा काढला. वाचनालयात गर्दी वाढली. लोक यायचे, वर्तमानपत्राकडे ढुंकूनही न बघता थेट वहीकडे जायचे, आणि वाचून झाल्यावर खाकरायचे.

ग्रंथपाल विजयमालाताई रोज वारज्याहून बसनं येतात. त्यांचं घर तिथलं मूळचं, आजूबाजूला इमारती उठायच्या आधीपासूनचं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अवो दीपमालाताई, त्या वहीत खरं कोन लिवतं का? ती वही पाव्हन्यांसाठी हाय."

"पण पाटीवर स्पष्ट मत म्हटलंय."

"या, बसा, जेवून जा, असं आपन म्हनतो. मंग पाव्हना ताट घिऊन बसतो का लगेच?"

मला हा युक्तिवाद अजूनही मान्य नाही. 'जेवून जा' अशी भिंतीवर पाटी लावलेली असेल तर मी बसेन.

"बरं," त्या म्हणाल्या, "पर आता थांबू नगा. लोक इचारत्यात, त्या पोरीनं आज काय लिवलं? माझं रजिष्टर पयल्यांदा भरलंय."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग कपाटात 'एकही बांध फुटला नाही' आलं. आलं म्हणजे होतंच, एका ओळीत सहा प्रती. लेखक वैजनाथ गोविंद आगटे, निवृत्त कार्यकारी अभियंता, पाटबंधारे. पंचाहत्तरीला, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, त्यांनी ते स्वखर्चानं काढलं होतं आणि समारंभात प्रत्येकाला एक पेढा आणि एक प्रत दिली होती. आगटेसाहेब या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. नाव दारावर संगमरवरात कोरलंय. पण पाटीवर 'अध्यक्ष वगळून' असं नव्हतं.

त्या मताचे अकरा मुद्दे झाले. सगळे इथे देत नाही, नमुने देते.

'मुद्दा १. पान ९ : लेखक रोज चौदा मैल चालत शाळेत जात. पान ११ : नऊला जेवून निघत व अकराच्या घंटेला हजर असत. म्हणजे ताशी सात मैल. याला चालणे म्हणत नाहीत.

मुद्दा ४. पाने ११३ ते १२८ दोनदा बांधली आहेत. १२९ ते १४४ नाहीतच. पान १२८ वर धरणाचे पाणी चढते आहे आणि पान १४५ वर लेखकाचा सत्कार चालू आहे. मध्ये काय झाले?

मुद्दा ७. पान ६२ : दिवाळीच्या रात्री लख्ख चांदण्यात लेखकाने बांधाची पाहणी केली. दिवाळीत अमावास्या असते.

मुद्दा ११. संपूर्ण पुस्तकात लेखकाच्या हातून एकही चूक होत नाही. चुका ओव्हरसिअर, ठेकेदार, मंत्री, पाऊस व पत्नी यांच्या हातून होतात.'

खाली सही, सभासद क्रमांक, तारीख. मी निनावी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तर वही नव्हती. पेनही नव्हतं. नुसती दोरी टेबलावरून लोंबत होती आणि पाटीच्या जागी नवी पाटी होती : 'अभिप्राय वहीत अभिप्राय लिहू नयेत. – आदेशावरून.' तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'हाही अभिप्रायच झाला.'

पत्र टपालानं आलं. वाचनालय चार गल्ल्यांवर, मी रोज तिथं जाते, तरी टपालानं आलं, कारण त्याला जावक क्रमांक होता. चिटणीस दत्तप्रसाद मेहेंदळे यांची सही होती. मजकूर असा की, मी संस्थेच्या सन्माननीय अध्यक्षांच्या ग्रंथाविषयी अनुचित मजकूर लिहिला असून सात दिवसांच्या आत तो 'त्याच वहीत, बिनशर्त' मागे घ्यावा, अन्यथा सभासदत्व रद्द समजावे.

खुर्ची गेलीच होती. मी पत्र घेऊन मेहेंदळ्यांकडे गेले. ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबलामागे बसतात आणि समोरच्याला उभं ठेवतात. दुसरी खुर्ची तिथे मुद्दाम ठेवलेली नाही.

"त्याच वहीत लिहायचं म्हणताय. वही द्या."

"वही कपाटात आहे."

"मग काढा."

"वही मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. मी तो अध्यक्षांकडे पाठवीन. ते सध्या वाचनालयात येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"तुमच्यामुळे," मेहेंदळे म्हणाले, आणि चष्म्यावरून बघितलं. "आपण पुण्याच्या का?"

"वाशीमची."

"वाटलंच. इथे माणसं तोंडावर बोलतात. लिहून ठेवत नाहीत."

शिवाय माझा सभासदत्वाचा अर्ज काढून त्यांनी त्यात एक दोष शोधला. जामीनदार म्हणून ऋतिकाच्या बिबवेवाडीच्या मामांची सही होती आणि ते मध्यंतरी नाशिकला बदलून गेले होते. म्हणजे मी गेले सात महिने विनाजामीन वाचत होते. शोध लावायची वृत्ती त्यांच्यात चांगली आहे. मी त्यांना आमच्या कंपनीत शिफारस करू शकले असते.

सल्ला मागावा लागत नाही, तो येतो. आमच्या घरमालकीणकाकूंनी पत्र वाचलं (ते त्यांच्याच पेटीत आलं होतं, आणि उघडून आलं होतं) आणि म्हणाल्या, "अगं, 'गैरसमजातून लिहिले गेले' एवढी एक ओळ लिही आणि मोकळी हो. आमचा अख्खा संसार त्या एका ओळीवर चाललाय."

"पण गैरसमज नव्हता, काकू."

"आमच्यातही नव्हता."

ऋतिका म्हणाली, "यार, एक सॉरीच तर आहे. कॉपी-पेस्ट मार. एवढं पर्सनली का घेतेस? बुक तुझं आहे का?"

बाबांना एसटीडीवरून सांगितलं. ते वाशीमला शाळेत गणित शिकवतात. सगळं मला दोनदा सांगायला लावलं, आणि मीटर चालू होतं. मग म्हणाले, "काहून लिवलं बाई असं? तू तिथं शिकाले गेली का भांडाले?"

"बाबा, ताशी सात मैल होतात. तुम्ही करून बघा."

पलीकडे पेन्सिल खरखरली. मग, "सातच होतात. पण माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हाय ना."

"शाळेत जाताना नव्हता."

बाबांनी फोन ठेवला. ते हसले की रागावले, ते कळलं नाही. आमच्याकडे दोन्हीचा आवाज सारखाच येतो.

मी ठरवलं की मागे घ्यायचं असेल तर जे चुकलंय तेच मागे घ्यायचं. म्हणून अकराच्या अकरा मुद्दे पुन्हा तपासायला बसले. विजयमालाताईंनी मी आधी वाचलेलीच प्रत पदराआडून मला दिली. "वाचाया बंदी घातली न्हाई अजून," त्या म्हणाल्या. तपासताना पान ५९ जरा जाड लागलं. नीट बघितलं तर ६० आणि ६१ ही पानं बाइंडिंगच्या डिंकानं एकमेकांना चिकटली होती. आधीच्या खेपेला मी ५९ वरून सरळ ६२ वर गेले होते आणि दिवाळीचं पाहणीशी जोडून टाकलं होतं. फुटपट्टीनं अलगद सोडवली. आत लिहिलं होतं की दिवाळी होऊन गेली, तुळशीची लग्नं लागली, आणि मग साहेब पाहणीला निघाले. म्हणजे चांदणं होतं. भरपूर होतं. मुद्दा सात साफ चुकला होता. रात्रभर झोप नाही आली. माणसाला आपली चूक टोचते ती दुसऱ्यांनी माफ केली नाही म्हणून नाही, ती आपणच टेस्ट न करता पुढे पाठवली म्हणून.

माझ्या सभासदत्वाचा निकाल लावायला रविवारी सकाळी दहाला सभा. वाचनकक्षातलं मोठं टेबल. एका बाजूला मेहेंदळे, इतिवृत्ताची वही उघडून. शेजारी कार्यकारिणीचे एक सदस्य, जे सभेत डोळे मिटूनच ऐकतात. टेबलाच्या टोकाशी आगटेसाहेब. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, वाळके, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, मांडीवर कापडी पिशवी. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"कुमारी इंगोले," मेहेंदळे म्हणाले, "मागे घेताय ना? पटकन आटपू. मला अकराच्या मुहूर्ताला जायचंय."

"एक मुद्दा मागे घेते. क्रमांक सात." मी चिकटलेल्या पानांचं सांगितलं. "चूक माझी आहे. तपासायला हवं होतं. दिलगीर आहे."

"उत्तम." मेहेंदळे लिहू लागले. "'कुमारी इंगोले यांनी मत मागे घेतले.'"

"एक मुद्दा मागे घेतला."

"तेच ते."

"तेच कसं? अकरातला एक म्हणजे नऊ टक्के. एक्क्याण्णव टक्के कायम आहे, असं लिहा."

"बाई, सभासदत्व हवंय की नको?"

हवं होतं. इतकं हवं होतं की क्षणभर वाटलं, लिहू देत काय लिहायचं ते. कोण वाचतं इतिवृत्त? खिडकीशेजारी माझी खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर सकाळचं ऊन आलं होतं. सकाळी तिथं ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं. पण चुकीची नोंद चुकीचीच. मी म्हटलं, "हवंय. पण असं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

"मग रद्द," मेहेंदळे म्हणाले आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"थांबा," आगटेसाहेब म्हणाले. आवाज कोरडा, जुन्या फाइलीसारखा. "मेहेंदळे, माझ्या पंचाहत्तरीला या पुस्तकावर तुम्ही भाषण केलंत."

"हो, साहेब. माझं भाग्य."

"वीस मिनिटं."

"पंचवीस."

"पान एकशेतीसवर काय आहे?"

मेहेंदळ्यांनी डोळे किंचित मिटले. "एकशेतीस… फारच हृद्य भाग आहे तो, साहेब. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"एकशेतीस नाही."

"नाही म्हणजे?"

"पुस्तकात नाही. या मुलीनं मुद्दा चारमध्ये लिहिलंय तसं, एकशेएकोणतीस ते एकशेचव्वेचाळीस, सोळा पानांचा अख्खा फॉर्म नाही. माझ्या पलंगाखाली एकशेऐंशी प्रती उरल्यात. सगळ्या उघडल्या. एकाही प्रतीत नाही." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. म्हणून गेले दहा दिवस फोन करतोय. ज्यांना ज्यांना प्रत दिली, त्यांना विचारतो, पुराचं प्रकरण कसं वाटलं? त्र्याण्णव जण झाले. साठ जणांना थरारक वाटलं. एकवीस जणांना चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. माझा साडू म्हणाला, ते वाचताना चहा गार झाला. व्याही म्हणाले, पुन्हा वाचतोय."

डोळे मिटून ऐकणाऱ्या सदस्यांनी डोळे उघडले आणि लगेच पुन्हा मिटले.

"पण सर," मला राहवलं नाही, "छापून आल्यावर आपण स्वतः एकदा…"

"मी लिहिलंय," ते ताडकन म्हणाले. "मी कशाला वाचू?" मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. रागावलेलेच होते, माझ्या बाजूनं आहेत असं कोणालाही वाटू नये. "आणि तुम्ही. मुद्दा अकरा. माझ्या हातून एकही चूक होत नाही म्हणता. चूक आहे. पान एकशेतेहेतीसपासून पुढे नुसती चूकच आहे. न वाचता मत दिलंत."

"पान नव्हतं."

"नव्हतं, तर 'मत अपूर्ण' असं लिहायचं. तुम्ही शास्त्राच्या ना? अर्ध्या नमुन्यावर निष्कर्ष काढायला शिकवतात का तुम्हाला?"

मुद्दा सातपेक्षा हे जास्त लागलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. पानं द्या, वाचते. मग लिहिते."

"आत्ता?" मेहेंदळे म्हणाले.

"आत्ता," आगटेसाहेब म्हणाले, आणि पिशवीतून टाइप केलेले कागद काढले. कडा पिवळ्या झालेल्या, टाचणी गंजलेली, समासात पेन्सिलीनं छापील पानांचे आकडे घातलेले.

मी ते घेऊन माझ्या खुर्चीवर बसले. चार माणसं बघत असताना वाचायचा मला सराव नाही. विजयमालाताईंनी चहा आणला. मेहेंदळे घड्याळ बघत होते. अकरा वाजले, मुहूर्त गेला, सव्वाअकरा झाले. मी पान उलटलं की आगटेसाहेबांची मान तेवढी वर व्हायची आणि पुन्हा खाली.

त्या कागदांत काय होतं ते थोडक्यात सांगते. पूर आला त्या दुपारी साहेब घाबरले आणि त्यांनी दरवाजे उघडायला सांगितले. खालच्या गावाला निरोप न पाठवता. बांध फुटला नाही, हे खरं. गावात चौदा घरांत पाणी शिरलं, बैल वाहून गेले, एक म्हातारी दोन दिवस झाडावर बसून होती. चौकशी झाली तेव्हा ठपका ओव्हरसिअर सोनबावर आला आणि साहेबांनी तो येऊ दिला. पुढं पान १४५ वर सत्कार होता तो ह्याच पुराबद्दल. हे सगळं त्यांनी लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मी उठले. वही मागितली. मेहेंदळ्यांनी कपाटाची किल्ली शोधायला बराच वेळ लावला, शेवटी ती त्यांच्याच खिशात निघाली. मी लिहिलं :

'पाने १२९ ते १४४ (टंकलिखित) आज वाचली. मुद्दे ७ व ११ मागे घेत आहे. मुद्दा ४ ला बाइंडर जबाबदार. नवा मुद्दा १२ : पान १३६ वर, सोनबाने पाण्याची पातळी वेळेवर कळवली नाही, असे आहे. पान १४१ वर, त्याने दोनदा कळवली होती, असे आहे. दोन्ही खरे असू शकत नाही. बाकी मत कायम.'

सही, सभासद क्रमांक, तारीख. सभासद क्रमांक मुद्दाम ठळक काढला.

आगटेसाहेबांनी वही ओढून घेतली. वाचली. परत वाचली. पंखा तेवढा आवाज करत होता.

"एकशेछत्तीस आधी लिहिलं होतं," ते म्हणाले. "पुढचं दोन वर्षांनी. आधी धीर झाला नाही."

"मग धीर झाल्यावर एकशेछत्तीस काढायचं होतं."

मेहेंदळ्यांनी "अहो!" असं काहीतरी केलं. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला वाटलं, आता हे उठून जातील. मग मला वाटलं, मी जरा जास्त बोलले. मग मला वाटलं, नाही बोलले.

"हो," आगटेसाहेब म्हणाले. "काढायचं होतं." आणि हात पुढे करून बोटं हलवली. "पेन."

विजयमालाताईंनी आपलं दिलं. ते कागद पुढ्यात घेऊन, चष्मा नाकावर सरकवून खोडाखोड करू लागले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. शेवटी मेहेंदळ्यांचा धीर सुटला.

"साहेब, इतिवृत्त आज पुरं व्हायला हवं. सभासदत्वाचं काय लिहू? रद्द की कायम?"

आगटेसाहेबांनी मान वर केली नाही. "सभा तहकूब लिहा. एकशेछत्तीस अजून झालेलं नाही."

त्याला आता चार महिने झाले. सभा तहकूब आहे, म्हणजे माझं सभासदत्व रद्दही नाही आणि कायमही नाही, आणि नियमात याबद्दल काही नसल्यामुळे मी रोज सहाला येऊन बसते. मेहेंदळे माझ्याशी बोलत नाहीत, पण जामीनदाराचंही विचारत नाहीत. आगटेसाहेब दर गुरुवारी येतात, पान १३६ चा नवा खर्डा माझ्यासमोर ठेवतात आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसून राहतात. पहिल्या खर्ड्यात सोनबानं एकदा कळवलं होतं. दुसऱ्यात दोनदा, पण हळू आवाजात. काल सोळावा दिला. त्यात सोनबा पूर्ण बरोबर होता, साहेब पूर्ण चूक होते, आणि पाऊस पान १२८ पेक्षा दोन इंच जास्त पडला होता.

मी परत केला.